डोंगरमाथ्यावरची धावपट्टी : व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज आणि तेथे पोहोचण्याचा इतिहास

प्रास्ताविक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या पश्चिम सीमेलगत, ॲपलेशियन पर्वताच्या समांतर रांगांमध्ये बाथ नावाचा एक छोटा परगणा आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या अवघी ४२०० च्या आसपास भरते. एवढ्या विरळ वस्तीच्या परगण्यात, वॉर्म स्प्रिंग्ज माउंटन या डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ३७९३ फूट उंचीवर सुमारे ५६०० फूट लांबीची पक्की धावपट्टी आहे. तिचे नाव इंगल्स फील्ड. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वांत उंच सार्वजनिक विमानतळांमध्ये तिची गणना होते. येथे आज नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जी विमाने उतरतात ती बहुतांशी खाजगी असतात, आणि त्यांतून येणाऱ्या पाहुण्यांपैकी अनेकांचे गंतव्यस्थान डोंगराच्या पायथ्याशी असलेले होमस्टेड हे जुने, प्रशस्त विश्रामस्थान असते. दोन दिवसांची सुटी, चार आसनांचे छोटे विमान, गरम पाण्याचे स्नान आणि परत, असा हा कार्यक्रम असतो.

वरवर पाहता हा श्रीमंतांच्या विरंगुळ्याचा विषय आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात वेळ का दवडावा, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते एखाद्या आरोग्यधामाचा इतिहास हा मुख्यतः तेथे पोहोचण्याच्या वाटेचा इतिहास असतो. पाणी हजारो वर्षे तेच आहे. त्या पाण्यापर्यंत कोण, कशाने आणि कोणाच्या कष्टावर पोहोचू शकले हे मात्र दर पिढीत बदलत गेले. हॉट स्प्रिंग्जच्या बाबतीत हा बदल घोडागाडी, आगगाडी आणि विमान अशा तीन टप्प्यांत स्पष्टपणे पाहता येतो. शिवाय १९४३ साली याच हॉटेलात भरलेल्या एका परिषदेचा भारताशी, विशेषतः बंगालच्या दुष्काळाशी जो संबंध येतो, तो आपल्याकडील अभ्यासकांच्या फारसा लक्षात आलेला दिसत नाही.

झरे आणि त्यांचे मालक

या भागात जागृत ज्वालामुखी नाहीत. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी घडीच्या खडकांतील भेगांमधून खोलवर उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दरीतील चुनखडीच्या थरांतून पुन्हा वर येते. वॉर्म स्प्रिंग्ज येथील पाण्याचे तापमान मानवी शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे सुमारे ३६ ते ३७ अंश सेल्सिअस असते. तेथून पाच मैलांवर असलेल्या हॉट स्प्रिंग्जचे पाणी ४० अंशांच्या आसपास असते. दोन्ही गावांची नावे या फरकावरूनच पडली आहेत. १७९० साली स्थापन झालेल्या परगण्याला इंग्लंडमधील बाथ या सुप्रसिद्ध स्नाननगरीचे नाव मिळाले.

झऱ्यांचा शोध एका मूलनिवासी तरुण निरोप्याला लागला, तो थकून त्या पाण्यात झोपला आणि ताजातवाना होऊन उठला, अशी आख्यायिका हॉटेलच्या प्रचारसाहित्यात पूर्वापार सांगितली जाते. तिला आख्यायिका म्हणूनच पाहिले पाहिजे. मूलनिवासींना हे झरे ठाऊक होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्याकडून ती भूमी गेली त्यांना कथेत मानाचे पहिले पान द्यायचे आणि लगेच पुढच्या परिच्छेदात जमिनीच्या सनदेकडे वळायचे, ही अशा पुस्तिकांची ठरलेली रीत आहे. सनद मात्र खरी आहे. वसाहतीच्या लष्करातील अधिकारी व भूमापक थॉमस बुलिट आणि त्यांचे सहकारी यांना १७६४ साली येथील जमीन मिळाली व १७६६ साली बुलिट यांनी पाहुण्यांसाठी लाकडी निवास बांधला. होमस्टेड आपला आरंभ याच वर्षापासून मोजते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. वॉर्म स्प्रिंग्ज येथील पुरुषांचे अष्टकोनी स्नानगृह त्याहूनही जुने, १७६१ सालचे मानले जाते. स्त्रियांसाठीचे स्वतंत्र स्नानगृह १८३६ साली, म्हणजे तब्बल पाऊणशे वर्षांनी उभे राहिले. तोवर स्त्रियांना ठराविक वेळा नेमून दिलेल्या असत.

या पाण्याच्या गुणांविषयीची सर्वांत बोलकी साक्ष थॉमस जेफर्सन यांची आहे. ऑगस्ट १८१८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाची जागा ठरविण्यासाठी रॉकफिश गॅप येथे भरलेल्या आयोगाचे काम उरकून ते वॉर्म स्प्रिंग्जला आले. त्या वेळी त्यांचे वय ७५ होते. संधिवाताची तक्रार होती, पण एरवी प्रकृती ठीक होती. सुमारे तीन आठवडे त्यांनी दिवसातून अनेकदा स्नान केले. परिणाम असा झाला, की त्यांच्या बैठकीच्या जागी गळवे उठली, घरी परतण्याचा घोड्यावरचा आणि गाडीतला प्रवास असह्य झाला आणि पुढे कित्येक आठवडे ते अंथरुणाला खिळले. पत्रांतून त्यांनी या सगळ्याचे खापर स्नानावर फोडले. तरीही पुढे या दोन स्नानगृहांना 'जेफर्सन पूल्स' असेच नाव मिळाले. ज्या पाण्याने माणूस आजारी पडला त्या पाण्याला त्याचेच नाव जाहिरातीसाठी द्यावे, हा आरोग्यधामांच्या इतिहासातील विनोद म्हणावा लागेल.

घोडागाडीचा हंगाम

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागरकिनाऱ्यालगतच्या सखल प्रदेशातील मळेवाले उन्हाळ्यात हिवतापाच्या व पीतज्वराच्या भीतीने डोंगराकडे निघत. जुलै ते सप्टेंबर हा हंगाम. वॉर्म, हॉट, व्हाइट सल्फर, स्वीट, सॉल्ट, रेड सल्फर अशा एकामागून एक झऱ्यांवर मुक्काम करीत जाण्याची परिक्रमाच रूढ झाली होती. घोडागाडीचा हा प्रवास अनेक दिवसांचा, खडकाळ आणि खर्चिक होता. हा खर्च आणि हा अवकाश ज्यांच्याजवळ होता तेच येथे पोहोचत, आणि म्हणूनच येथे पोहोचणे ही स्वतःच प्रतिष्ठेची खूण ठरली. शार्लीन बॉयर लुईस यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या झऱ्यांवरील मळेवाल्यांच्या समाजजीवनाचा सविस्तर अभ्यास केला आहे. विवाह जुळविणे, राजकीय मैत्री करणे, कपडे व शिष्टाचार यांचे प्रदर्शन करणे ही कामे पाण्याइतकीच महत्त्वाची होती हे त्यावरून दिसते.

हे सगळे गुलामांच्या श्रमावर चालत असे. गाडी हाकणारे, सामान वाहणारे, पाणी भरणारे, स्वयंपाक करणारे, स्नानगृहात टॉवेल घेऊन उभे राहणारे हात गुलामांचे होते. काही मालकाबरोबर आलेले असत, तर काही हॉटेलच्या मालकीचे किंवा भाड्याने घेतलेले असत. तेही त्याच वाटेने, त्याच दगडधोंड्यांतून आले होते. पण ज्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या त्यांच्या लेखनात गाडीच्या धक्क्यांची वर्णने विपुल आणि गाडीवानाचे नाव क्वचित, अशी स्थिती आहे. आरोग्यधामांच्या इतिहासलेखनातील ही उणीव आजही पूर्णपणे भरून निघालेली नाही.

१८३२ साली डॉ. थॉमस गुड यांनी हॉट स्प्रिंग्ज विकत घेतले. गुड हे वैद्यकीय व्यवसायातील असल्याने त्यांनी रुग्णांच्या बऱ्या होण्याची वृत्ते छापून पाण्याचा प्रचार केला आणि १८४६ साली नवे हॉटेल उघडले. होमस्टेड या नावाचा इतिहास याच टप्प्यापर्यंत मागे नेला जातो. यादवी युद्धाच्या काळात या भागातील अनेक हॉटेलांची इस्पितळे झाली. १८६३ साली पश्चिम व्हर्जिनिया हे वेगळे राज्य निघाल्याने व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज सीमेपलीकडे गेले आणि हॉट स्प्रिंग्ज अलीकडे राहिले. दोन प्रतिस्पर्धी विश्रामस्थानांमधून राज्याची सीमारेषा गेली ती अशी.

आगगाडी आणि इंगल्स घराणे

चेसापीक अँड ओहायो रेल्वे १८६९ साली व्हाइट सल्फर स्प्रिंग्जपर्यंत पोहोचली. हॉट स्प्रिंग्ज मात्र मुख्य मार्गापासून बाजूला, डोंगराआड होते. व्हाइट सल्फरला गर्दी वाढत असताना हॉट स्प्रिंग्जचे पाहुणे कव्हिंग्टनला उतरून पुढे घोडागाडीनेच येत होते. या स्थितीत बदल घडविला तो मेलव्हिल इंगल्स यांनी. मेन राज्यात १८४२ साली जन्मलेले इंगल्स हे १८८८ पासून १९०० पर्यंत चेसापीक अँड ओहायोचे अध्यक्ष होते. जे. पी. मॉर्गन यांच्यासारख्या भांडवलदारांच्या साहाय्याने त्यांनी १८९० च्या सुमारास हॉट, वॉर्म व हीलिंग या तिन्ही झऱ्यांची मालमत्ता कंपनीकडे घेतली आणि कव्हिंग्टनहून सुमारे २५ मैलांचा फाटा हॉटेलच्या दारापर्यंत आणला. न्यू यॉर्कहून शयनडब्यात बसलेला प्रवासी आता गाडी न बदलता हॉट स्प्रिंग्जला उतरू लागला. १८९२ साली गोल्फचे मैदान तयार झाले. त्याची पहिली टी अमेरिकेत अखंड वापरात असलेली सर्वांत जुनी टी असल्याचे सांगितले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आगगाडीने प्रवास स्वस्त व सुलभ केला, पण होमस्टेडला येणाऱ्यांचा वर्ग तिने खाली आणला नाही. तिने तो वर्ग बदलला. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या जागी उत्तरेतील उद्योगपती, वकील आणि बँकर आले. रेल्वेचा अध्यक्षच हॉटेलचा सूत्रधार असल्याने रूळ कोणासाठी टाकायचे आणि खोल्या कोणासाठी बांधायच्या हे दोन्ही निर्णय एकाच टेबलावर होत होते. २ जुलै १९०१ रोजी लागलेल्या आगीत मुख्य हॉटेल भस्मसात झाले, तेव्हा ते पुन्हा उभारण्यासाठी सिनसिनाटीच्या एल्झनर व अँडरसन या वास्तुविशारदांना बोलाविण्यात आले. याच मंडळींनी सिनसिनाटी येथे १९०३ साली पूर्ण झालेली सोळा मजली इंगल्स बिल्डिंग आखली. प्रबलित काँक्रीटची ती जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. आज होमस्टेडची ओळख बनलेला घड्याळाचा मनोरा १९२९ सालचा आहे.

काम करणारे हात पूर्वीप्रमाणेच बहुतांशी कृष्णवर्णीय आणि डोंगरातील गरीब गोऱ्या कुटुंबांचे होते. गुलामगिरी कायद्याने संपली असली तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा दशकांत व्हर्जिनियात वर्णभेदाचे कायदे होते. ज्या कृष्णवर्णीय सेवकाच्या हातून पाहुण्याला स्नान घडे त्याला पाहुणा म्हणून त्या हॉटेलात उतरण्याची वाट १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत मोकळी नव्हती. गोऱ्या स्थानिकांपैकी एक मुलगा मात्र या मैदानांवर पाहुण्यांच्या गोल्फच्या काठ्या वाहता वाहता स्वतः जगप्रसिद्ध झाला. १९१२ साली जवळच्याच ॲशवुड येथे जन्मलेला सॅम स्नीड तो हाच.

राजदूत आणि अन्नपरिषद

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारपुढे शत्रुराष्ट्रांच्या राजनैतिक प्रतिनिधींना कोठे ठेवावे हा प्रश्न उभा राहिला. त्यांना तुरुंगात टाकता येत नव्हते, कारण तिकडे अडकलेल्या अमेरिकन प्रतिनिधींना तशीच वागणूक मिळाली असती. राजधानीपासून दूर, एकाकी, पहारा ठेवण्यास सोयीचे आणि तरीही सुखसोयींनी युक्त असे ठिकाण हवे होते. हिवाळ्यात रिकामी पडणारी डोंगरी हॉटेले या कामाला नेमकी उपयोगी पडली. जर्मन व इटालियन प्रतिनिधी व्हाइट सल्फर स्प्रिंग्जच्या ग्रीनब्रायर हॉटेलात गेले. जपानचे राजदूत किचिसाबुरो नोमुरा, विशेष दूत साबुरो कुरुसु आणि त्यांचे सहकारी व कुटुंबीय डिसेंबर १९४१ च्या अखेरीस होमस्टेडला आणले गेले. एप्रिल १९४२ मध्ये त्यांनाही ग्रीनब्रायरला हलविण्यात आले आणि जूनमध्ये ग्रिप्सहोम या जहाजाने ते अदलाबदलीसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाले. पोहोचायला अवघड असणे हा ज्या स्थळाचा शतकभर तोटा होता तोच युद्धात त्याचा गुण ठरला. पाहुणा आणि कैदी यांच्यातील अंतर काही महिन्यांपुरते पुसले गेले. याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाचे सामान्य नागरिक व रहिवासी लाकडी छावण्यांत कोंबले जात होते, हे येथे विसरता येत नाही.

एकाकीपणाचा हाच गुण पुढच्या वर्षी दुसऱ्या कारणाने उपयोगी पडला. १८ मे ते ३ जून १९४३ या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निमंत्रणावरून ४४ राष्ट्रांची अन्न व शेती परिषद होमस्टेडमध्ये भरली. युद्धानंतरच्या जगाची घडी बसविण्यासाठी मित्रराष्ट्रांनी भरविलेली ही पहिली मोठी परिषद होय. आरंभी वार्ताहरांना हॉटेलपासून दूर ठेवण्याचा निर्णय झाला, लष्करी पहारा बसला आणि त्यावरून अमेरिकन वृत्तपत्रांत व काँग्रेसमध्ये मोठा गदारोळ झाला. चीन, इथिओपिया, लायबेरिया, हैती, इराण, इराक अशा देशांचे प्रतिनिधी वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या राज्यातील एका हॉटेलात बसून जगातील भुकेची चर्चा करीत होते. 'उणिवेपासून मुक्ती' हे तत्त्व व्यवहारात आणण्यासाठी कायम स्वरूपाची संघटना हवी, असा निर्णय येथेच झाला. लेस्टर पिअर्सन यांच्या अध्यक्षतेखालील हंगामी आयोगाने तिचा आराखडा तयार केला आणि १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्विबेक येथे अन्न व कृषी संघटना अस्तित्वात आली. जागतिक अन्न दिन आपण याच तारखेला पाळतो.

भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरीही त्याचे स्वतंत्र प्रतिनिधिमंडळ परिषदेला होते. वॉशिंग्टन येथील भारताचे एजंट-जनरल सर गिरिजाशंकर बाजपेयी त्याचे नेतृत्व करीत होते. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. वॉलेस आयक्रॉइड हेही मंडळात होते. भारतीय आहारातील उणिवांचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी घडविला त्यांत आयक्रॉइड यांचे स्थान मोठे आहे. परिषदेत पोषण, किमान आहार, उत्पादनवाढ यांविषयी ठराव होत होते, त्याच महिन्यांत बंगालमध्ये तांदळाचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. वर्षाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरू लागली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेला, १९४२ च्या ऑक्टोबरमधील चक्रीवादळाने पीक बुडालेले, किनाऱ्यावरच्या नावा सरकारने काढून घेतलेल्या, युद्धखर्चाने चलनवाढ झालेली आणि प्रांतांनी एकमेकांकडे धान्य जाऊ देण्यास केलेला मज्जाव, ही कारणे आता सर्वश्रुत आहेत. हॉट स्प्रिंग्जच्या परिषदेची दृष्टी युद्धोत्तर जगाकडे लागलेली होती. युद्ध चालू असताना उपासमारीने मरणाऱ्या प्रजेला तातडीने धान्य पोहोचविणे तिच्या कार्यकक्षेत बसत नव्हते.

पुढे आयक्रॉइड सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाचे सदस्य झाले. आयोगाने मृत्यूंचा आकडा सुमारे १५ लाख असा धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो २० ते ३० लाखांपर्यंत नेला असून अमर्त्य सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या जवळ जातो. अन्न व कृषी संघटनेच्या पोषण विभागाचे पहिले संचालक आयक्रॉइडच झाले. १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळविषयक ग्रंथात त्यांनी आयोगाचा आकडा बहुधा कमी होता, अशी कबुली दिली. एका माणसाच्या आयुष्यात होमस्टेडमधील परिषद आणि बंगालमधील मृत्यूंची मोजणी यांत केवळ एका वर्षाचे अंतर होते. हॉटेलच्या इतिहासपुस्तिकांत परिषदेचा उल्लेख अभिमानाने येतो, बंगालचा येत नाही. तो त्यांनी करावा अशी अपेक्षाही नाही. आपण मात्र दोन्ही घटना एकाच वर्षाच्या पानावर वाचल्या पाहिजेत.

धावपट्टी

इंगल्स घराण्याचा विमानविद्येशी संबंध जुना आहे. मेलव्हिल यांचे नातू डेव्हिड इंगल्स हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन नौदलातील एकमेव 'एस', म्हणजे पाच किंवा अधिक शत्रुविमाने पाडणारे वैमानिक होते. १९२९ ते १९३२ या काळात ते नौदलाच्या हवाई विभागाचे सहायक सचिव होते आणि पुढे पॅन अमेरिकन कंपनीत उच्चपदी गेले. आजोबांनी रूळ आणले आणि नातवाच्या पिढीत धावपट्टी आली, असे सुटसुटीत चित्र काढण्याचा मोह होतो. पण होमस्टेडचा कारभार प्रत्यक्षात मेलव्हिल यांचे पुत्र फे इंगल्स यांच्याकडे होता. १९४९ साली त्यांनी हॉट स्प्रिंग्जचा इतिहासही लिहिला. तेव्हा धावपट्टीचे नाव घराण्याचे आहे एवढेच म्हणणे उचित होईल.

दरी अरुंद आणि वळणदार असल्याने लांब धावपट्टीला पुरेशी सपाट जागा डोंगरमाथ्यावरच होती. परिणामी येथे उतरणे हा वैमानिकाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा प्रसंग असतो. ३७९३ फुटांवर प्रमाण तापमान साधारण साडेसात अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्यात पारा ३० अंशांवर गेला, तर हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सुमारे साडेसहा हजार फुटांवरच्या हवेसारखी भासते. इंजिनाची शक्ती घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणाला अधिक लांबी लागते. चार माणसे, सामान आणि भरलेली टाकी घेऊन निघालेल्या छोट्या विमानाला एखादी वस्तू किंवा एखादा पाहुणा मागे ठेवणे भाग पडू शकते. धावपट्टीच्या टोकांना जमीन एकदम खाली जात असल्याने उंचीचा अंदाज चुकतो. वारा कड्यावरून वळताना वर-खाली झोत निर्माण करतो. आणि दरीत लख्ख ऊन पडलेले असताना माथा ढगात बुडालेला असणे ही नित्याची गोष्ट आहे. वॉशिंग्टनहून सरळ रेषेत सुमारे १४५ सागरी मैलांचे अंतर १२० नॉट वेगाचे विमान साधारण सव्वा तासात कापते. मोटारीने तेच अंतर चार तासांच्या आसपास जाते. मात्र ढग उतरले तर वेळेची ही बचत दुसऱ्याच विमानतळावर बसून घालवावी लागते. विमानाने डोंगर जिंकला असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. धावपट्टीवरून हॉटेलपर्यंत उतरण्यासाठी पुन्हा घाटरस्ताच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ येथे नियमित प्रवासी विमानेही येत. १९४८ साली सेवा सुरू करणाऱ्या पिडमाँट एअरलाइन्सच्या वेळापत्रकात हॉट स्प्रिंग्जचे नाव होते. छोट्या गावांना जोडणाऱ्या अशा कंपन्यांना केंद्र सरकार अनुदान देई. पुढे मोठी विमाने आली, आखूड थांबे परवडेनासे झाले. १९७८ साली विमानवाहतूक नियंत्रणमुक्त झाल्यावर तर छोट्या स्थानकांवरील सेवा देशभरच आटली. दरम्यान १९७० च्या सुमारास रेल्वेच्या फाट्यावरील प्रवासी गाड्याही बंद पडल्या होत्या. अशा रीतीने तिकीट काढून हॉट स्प्रिंग्जला थेट जाण्याच्या दोन्ही वाटा एकाच पिढीत नाहीशा झाल्या. उरली ती स्वतःची मोटार किंवा स्वतःचे विमान.

विमानतळ आज परगण्याच्या प्राधिकरणाकडे आहे, म्हणजे सार्वजनिक आहे. अमेरिकेत अशा विमानतळांच्या सुधारणेसाठी संघराज्याचे अनुदान मिळते. त्या निधीचा मोठा भाग प्रवासी कंपन्यांच्या तिकिटांवरील करातून येतो, तर खाजगी विमाने इंधनावरील करातून तुलनेने अल्प वाटा उचलतात. सामान्य प्रवाशाच्या तिकिटातून खाजगी वैमानिकाची धावपट्टी गुळगुळीत राहते, असा आक्षेप तेथे वारंवार घेतला जातो आणि तो निराधार नाही. उलट बाजूने असे सांगितले जाते, की आजारी माणसाला तातडीने मोठ्या इस्पितळात नेणे, वणवे विझविणे आणि दुर्गम परगण्यातील रोजगार टिकविणे यांसाठी छोटे विमानतळ आवश्यक आहेत. चार हजार वस्तीच्या परगण्यात एकच हॉटेल सर्वांत मोठा मालक असेल, तर हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. तरी वाट सार्वजनिक पैशाची आणि वापर खाजगी, ही रचना प्रस्तुत लेखकाला रेल्वेच्या काळापेक्षाही अधिक एकांगी वाटते. इंगल्सच्या गाडीला निदान तिसऱ्याच स्थानकावर उतरणाऱ्या शेतकऱ्यालाही तिकीट मिळत असे.

घराण्याची मालकी विसाव्या शतकाच्या अखेरीस ओसरली. १९९३ पासून हॉटेल एका कंपनीकडून दुसरीकडे जात २०१३ साली ओम्नी या हॉटेलसमूहाकडे आले. डोंगराचा मोठा भाग, नऊ हजार एकरांहून अधिक, २००२ साली नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने संवर्धनासाठी घेतला. धावपट्टीच्या शेजारीच आता राखीव जंगल आहे.

वॉर्म स्प्रिंग्जची दोन लाकडी स्नानगृहे मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. इमारती धोकादायक झाल्याने २०१७ साली परगण्याच्या अधिकाऱ्यांनी ती बंद केली. दुरुस्तीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा जेफर्सन यांचे नाव काढून 'वॉर्म स्प्रिंग्ज पूल्स' असे साधे नाव देण्यात आले. स्त्रियांच्या स्नानगृहाशी निगडित एक खुर्ची प्रसिद्ध आहे. सेनापती रॉबर्ट ली यांच्या पत्नी मेरी यांना संधिवातामुळे चालता येत नसे, तेव्हा त्यांना या खुर्चीत बसवून पाण्यात उतरविले जाई. खुर्चीत बसणारीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ती खाली सोडणाऱ्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत.